आगरात कॉफी: सहा फुटांवर की दहा?

२०२४ मध्ये रोबस्टा जातीच्या कॉफीचे भाव चढले, तेव्हापासून आमच्याकडे कोकणात नारळी-पोफळीच्या आगरात कॉफी लावण्याची भाषा सुरू झाली आहे. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: गुंठ्यात रोपं किती बसतील? सहा बाय सहा फुटांवर तीस बसतात, दहा बाय दहावर अकरा. आता तिसाची बाग अकराच्या पावणेतीनपट पैसे देते का, तर नाही.

कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. सहा-सात फुटांचं अंतर अरेबिकाचं. कावेरीसारखी बुटकी जात तर पाच फुटांवरही लावतात. पण अरेबिकाला हजार मीटरच्या आसपासची थंड हवा हवी. ती चिकमंगळूरच्या डोंगरात आहे, आपल्या राज्यात चिखलदऱ्याला आहे. गुहागर-देवगडच्या किनाऱ्यावर लावाल तर तांबेरा (पानांवरची बुरशी) आणि खोडकिडाच पोसाल. अरेबिका इथेच सोडून द्या.

राहिला रोबस्टा. कर्नाटकातल्या कोडगूत, म्हणजे कुर्गात, तो साधारण दहा बाय दहावर असतो, म्हणजे एकरी ४३५ झाडं. व्हिएतनाममध्ये तीन मीटर बाय तीन मीटर, म्हणजे जवळपास तेवढंच. तरी आपल्या देशाची रोबस्टाची सरासरी हेक्टरी एक टनाच्या आसपास आणि त्यांची अडीच टनांच्या वर. अंतर तेच, माल दुपटीहून जास्त! ते जवळजवळ उघड्या उन्हात झाड वाढवतात, खताचा मारा करतात आणि कोरड्या दिवसांत तीन-चार वेळा प्रत्येक आळ्यात चारेकशे लिटर पाणी ओततात. आपली कॉफी सावलीत, बरीचशी पावसाच्या भरवशावर. ब्राझीलची गोष्ट वेगळीच. तिथे ओळीत अर्ध्या-पाऊण मीटरवर रोपं, कुंपणासारखी, कारण फळं तोडायला यंत्र फिरतं. आपल्या जांभ्याच्या चढउतारावर ते यंत्र कोण फिरवणार?

व्हिएतनामची पद्धत उचलायची म्हटलं तर एकराला एका फेरीचं पाणीच पावणेदोन लाख लिटर होतं. एप्रिलमध्ये आपल्या विहिरीत किती असतं, ते घरच्यांना विचारा.

इथे दाट लावण्यात आणखी एक खोट आहे. तीन हजार मिलिमीटर पावसात झाडांचे घेर एकमेकांना भिडले की आत वारा शिरत नाही. सुपारीला कोळेरोग जसा धरतो, तशी कॉफीच्या पानाफळांनाही पावसाळ्यात कूज लागते. खालच्या फांद्या सावलीने मरतात आणि फळ फक्त शेंड्याला उरतं. मग विरळणी करायची, म्हणजे पैसे देऊन लावलेलं पैसे देऊनच उपटायचं.

आता खरी निवड: माडाखाली की पोफळीत?

माड पंचवीस फुटांवर असतात. दोन ओळींच्या बरोबर मधे दहा फुटांवर कॉफीची एकच ओळ घेतली तर दहा गुंठ्यांत त्रेचाळीस-चव्वेचाळीस झाडं येतात, आणि माडाचं आळं मोकळं राहतं. पोफळी नऊ फुटांवर. तिथे एक गल्ली सोडून एका गल्लीत लावलं तर तेवढ्याच जागेत सदुसष्ट. आकड्यांवर पोफळी जिंकते. माझा कौल तरीही माडाला, आणि कारण पुन्हा पाणीच.

रोबस्टाची कळी जानेवारी-फेब्रुवारीत तहानलेली राहावी लागते. मग एकदम इंच-दीड इंच पाणी पडलं की आठ-दहा दिवसांत सगळी बाग एका वेळी पांढरी होते. कोडगूवाले त्यासाठी फेब्रुवारी-मार्चच्या पावसाकडे डोळे लावून बसतात. आपल्या आंब्याच्या जिवावर उठतो तोच अवकाळी! तो आला नाही तर ते स्प्रिंकलर लावतात. दहा गुंठ्यांना एक इंच म्हणजे सुमारे पंचवीस हजार लिटर, आणि फुलोऱ्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. पोफळीचं पाणी तुम्ही महिनाभर तोडू शकत नाही, ती माना टाकते. म्हणजे तिच्यातल्या कॉफीला तहान लागत नाही, फूल थोडंथोडं येतं, फळं पुढेमागे पिकतात आणि तोडणीच्या चार फेऱ्या होतात. माड थोडा ताण सोसतो.

चार फेऱ्यांना गडी कुठून आणणार? रोबस्टा जानेवारी ते मार्चमध्ये उतरतो, नेमका काजू सुरू होतो आणि आंब्याचे पहिले खोके भरायची घाई असते तेव्हा. मजुरी किती, यापेक्षा माणूस मिळतो का, हा प्रश्न मोठा. एक सोय मात्र आपल्या बाजूची आहे. त्या दिवसांत खळ्यात कडक ऊन असतं, फळ वाळवायला चुलीची गरज नाही.

छाटणीचं थोडक्यात: एकच खोड ठेवून पाच फुटांवर शेंडा मारा. बरीच खोडं वाढू दिली तर पहिली काही वर्षं माल बरा दिसतो, पुढे शिडी लागते. पाणफुटवे, म्हणजे खोडावर फुटणारे फुकटचे सरळसोट कोंब, मात्र दर पावसाळ्यात काढावे लागतात. रोबस्टा स्वतःच्या परागावर फळ धरत नाही, म्हणून एकाच झाडाच्या कलमांची अख्खी बाग लावू नका.

विक्रीचं गणित मांडू. झाडामागे एक किलो हिरवी, म्हणजे न भाजलेली बी धरली (सावलीत कमीच धरा) तर माडाखालच्या दहा गुंठ्यांतून चाळीस किलो. एवढा माल घेऊन कुशालनगर किंवा हासनच्या क्युअरिंग कारखान्यापर्यंत (जिथे वाळलेल्या फळाची साल काढून बी निवडतात) गेलात तर भाडंच नफा खाईल. तीच बी भाजली तर तेहतीसेक किलो उरते. घरगुती राहण्याची सोय असेल, पर्यटक येत असतील, तर ती दारातच पाकिटं करून खपेल. पाच एकरवाल्याची गोष्ट वेगळी, त्याने ट्रक भरावा.

आणि कॉफीच्या जोडीला मिरी? तिला वेगळी जमीन लागत नाही, ती माडावर चढते, वाळवून डब्यात ठेवली की भाव बघून विकता येते. मर रोगाने वेल जातात हे खरं, पण आळ्यात पाणी साचू दिलं नाही तर बरेच वाचतात. दहा-वीस गुंठेवाल्याने आधी माडांवर मिरी चढवावी आणि दोन ओळींमधे रोबस्टाची दहा रोपं लावून बघावीत. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरेल. त्या मार्चमध्ये विहीर तळाला किती राहते आणि तोडायला कोण येतं, ते पाहून उरलेली तीस लावायची की नाही ते ठरवा.