विंडोजमधला फुकटचा डिफेंडर: बेळगावातल्या दुकानाला, सोसायटीला पुरतो का?

पुरतो. पण काही बटणं एकदा स्वतः तपासावी लागतात, आणि जिथे त्याची हद्द संपते तिथे माणसालाच सावध राहावं लागतं.

मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोज 10 आणि 11 मध्ये आधीपासूनच असतो, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. दुसरा अँटिव्हायरस टाकला की तो आपोआप बाजूला होतो. म्हणून नव्या कॉम्प्युटरबरोबर आलेलं आणि मुदत संपलेलं ट्रायल तसंच ठेवू नका, काढून टाका. मग ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘मॅनेज सेटिंग्ज’वर जा. रिअल-टाइम, क्लाउड आणि टॅम्पर प्रोटेक्शन, तिन्ही चालू हवीत. ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग’ही चालू करा. फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर घुसणारा कचरा तिथे अडतो.

फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरससाठी ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ आहे. तो मुळात बंद असतो. चालू केल्यावर डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डर सांभाळतो, पण टॅलीचा डेटा दुसरीकडे असेल तर तो फोल्डर यादीत हाताने घालावा लागतो. नंतर कधी टॅलीच अडकली तर ‘अलाउ अ‍ॅन अ‍ॅप’मधून तिला परवानगी द्या. डिफेंडरची खरी कच्ची बाजू इथे आहे: इशारा कोपऱ्यात येऊन जातो, ऑपरेटरला फक्त ‘सेव्ह होत नाही’ एवढंच दिसतं आणि तो वैतागून सगळं संरक्षणच बंद करतो.

खोट्या मेलपुढे मात्र डिफेंडर अर्धाच उपयोगी. जोडलेली फाईल ओळखीचा व्हायरस असेल तर पकडतो. पासवर्ड घातलेली झिप उघडेपर्यंत त्याला आतलं दिसत नाही, आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला असेल तर तो मेल फसवा समजूनच चाला. विंडोज फायलीच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवतं, म्हणून ‘नोटीस डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही खरं तर प्रोग्राम असलेली फाईल साधी पीडीएफ दिसते. विंडोज 11 मध्ये फाईल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’, ‘शो’मधून ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. बँकेसारखं दिसणारं खोटं लॉगिन पान असेल तर त्यात व्हायरसच नसतो. एज आणि क्रोम ओळखीची फसवी पानं अडवतात, पण आज सकाळी बनवलेलं पान दोघांच्याही हातून निसटू शकतं.

तिथे गावची माहिती कामाला येते. बेळगाव, खानापूर, निपाणीत लाईट कर्नाटकातल्या हेस्कॉम या वीज कंपनीची, महाराष्ट्रातल्या महावितरणची नाही. महावितरणच्या नावाने ‘आज रात्री कनेक्शन तोडणार’ असा मेल आला तर न उघडता उडवा. हेस्कॉमचं नाव असलं तरी बिल नेहमीच्या वाटेनेच भरा, मेलमधल्या लिंकवरून नाही. जीएसटीची नोटीस असेल तर पोर्टलवर स्वतः लॉगिन करून ‘सर्व्हिसेस’, ‘युजर सर्व्हिसेस’मध्ये नोटिसांच्या दोन्ही याद्या बघा. बँकांच्या वेबसाइटसाठी रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ हा पत्ता ठरवून दिला आहे. पत्त्यातला ‘https://’ नंतरचा, पुढच्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग नेहमी शेवटाकडून वाचा, बँकेचं नाव मध्येच कुठेही घुसवता येतं. आणि कन्नडमधलं सरकारी दिसणारं पत्र वाचता येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या. काय आहे ते बघायला म्हणून क्लिक करू नका.

पॉप-अप दोन तऱ्हेचे. कोपऱ्यात सतत ‘पाच व्हायरस सापडले’ येत असेल तर बहुतेक वेळा ती कुठल्या तरी साइटला आपणच दिलेली ‘अलाउ’ परवानगी असते. स्कॅनमध्ये काही सापडत नाही आणि लोक डिफेंडरला दोष देतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’ इथे जाऊन अनोळखी साइट काढा.

दुसरा प्रकार म्हणजे पूर्ण स्क्रीन व्यापून सायरन वाजवणारा. एस्केप दाबून धरा. नाही सुटलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’. परत उघडताना ‘रिस्टोअर’ नको, तेच पान पुन्हा येईल. मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्यात फोन नंबर देत नाही, तेव्हा नंबर दिसला की तो खोटाच. सगळ्यात घातक म्हणजे ‘मी रोबोट नाही’ म्हणत विंडोज-आर, कंट्रोल-व्ही, एंटर दाबायला लावणारं पान. तिथे आपल्याच हाताने चोराची कमांड चालते.

चुकून काही उघडलंच तर आधी वाय-फाय बंद करा किंवा लॅनची वायर काढा. मग ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन’ चालवा. मशीन रिस्टार्ट होतं आणि साधारण 15 मिनिटं लागतात, म्हणून यूपीएस किंवा चार्जर लावलेला असू द्या. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन करा. हा क्रमांक देशभर एकच आहे, कर्नाटक की महाराष्ट्र हा प्रश्न इथे येत नाही.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्यावर डिफेंडर चालतो, पण वाढीव अपडेट घेतले नसतील तर खालच्या विंडोजमधली भोकं उघडीच राहतात. मशीन जुनं असेल तर आधी नव्या विंडोजचा किंवा वाढीव अपडेटचा खर्च करा, विकतच्या अँटिव्हायरसचा नंतर. आणि बॅकअपची हार्ड डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवा, जोडलेली राहिली तर तिच्यातल्या फायलीही कुलूपबंद होतात.