घरातली बंदूक ठेवायची कशात: कुलूप, कपाट, पेटी की तिजोरी?

बंदूक निवडताना लोक आठवडेच्या आठवडे चौकशी करतात आणि ती ठेवण्याच्या व्यवस्थेचा विचार मात्र दुकानातून निघता निघता उरकतात. वास्तविक बंदुकीचे बहुतेक आयुष्य वापराविना जाते. ती चोरीला जाणे, मुलांच्या हाती लागणे किंवा आतून गंजणे हे सारे याच काळात घडते. ती ठेवण्यासाठी केबल कुलूप, ट्रिगर कुलूप, पत्र्याचे कपाट, तिजोरी आणि पटकन उघडणारी लहान पेटी असे पर्याय मिळतात. त्यांची किंमत आणि वजन पाहण्याआधी ही बंदूक नेमकी कोणापासून जपायची आहे, हे ठरवावे: घरातल्या मुलापासून, चोरापासून, की हवेतल्या ओलाव्यापासून? तिघांना अडवणारी साधने वेगवेगळी आहेत आणि एकाच साधनावर तिन्ही कामे सोपवली की त्यातले एखादे हमखास अर्धवट राहते.

पर्याय कोणताही असो, आत ठेवण्यापूर्वी बंदूक रिकामी झालेली असली पाहिजे आणि ती रिकामी करण्याचा क्रम कधीही बदलता कामा नये. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात आधी मॅगझिन (काडतुसांची काढता येणारी पेटी) काढावे आणि मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबरमधले, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी बसलेले, काडतूस बाहेर पाडावे. हा क्रम उलटा झाला, तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधले वरचे काडतूस चेंबरमध्ये सरकते, आणि त्यानंतर मॅगझिन काढणाऱ्याला भरलेले पिस्तूल रिकामे वाटते. म्हणून स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे आणि करंगळीचे टोक आत घालून चाचपूनही घ्यावे. या सगळ्या वेळात नळी सुरक्षित दिशेला आणि बोट ट्रिगरपासून दूर असावे, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

आता कुलपांकडे येऊ. केबल कुलपाची पोलादी दोरी मॅगझिनच्या खाचेतून किंवा नळीतून ओवली जाते. त्यामुळे बोल्ट (रायफलीचे चेंबर मागून बंद करणारा दांडा) किंवा स्लाइड पूर्ण बंद होऊ शकत नाही, काडतूस चेंबरमध्ये बसत नाही आणि बार उडण्याचा प्रश्नच उरत नाही. ट्रिगर कुलपाचे दोन भाग ट्रिगरच्या कडीला दोन्ही बाजूंनी आवळून बसतात. ते लावायला सोपे आणि दिसायला भक्कम असते, पण ते फक्त ट्रिगरपर्यंतचा रस्ता अडवते. चेंबरमध्ये काय आहे याच्याशी त्याचा काहीही संबंध नसतो. भरलेल्या बंदुकीवर ट्रिगर कुलूप चढवताना त्याचाच दांडा ट्रिगरला लागून बार उडू शकतो. लिव्हर-ॲक्शन, म्हणजे खालचा लिव्हर हलवून काडतूस भरायच्या, रायफलीवर तर अनेक ट्रिगर कुलपे बसतच नाहीत, कारण तिथे ट्रिगरची कडी हा हलणाऱ्या लिव्हरचाच भाग असतो. किंमत जवळपास सारखी असताना मी केबल कुलूपच सुचवेन. ते लावण्यासाठी बंदूक उघडावीच लागते, त्यामुळे ती रिकामी आहे की नाही याची तपासणी आपोआप घडते. दोन्ही कुलपांची मर्यादा मात्र एकच आहे. चोर कुलपासकट बंदूक उचलून नेतो आणि दोरी सावकाश कापतो.

चोराला अडवायचे असेल तर कपाट किंवा तिजोरी यांतून निवड करावी लागते, आणि त्यांतला फरक बाहेरून दिसत नाही. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगितली जाते आणि आकडा जितका लहान तितका पत्रा जाड असतो. साध्या कपाटाचा १८ गेजचा पत्रा सुमारे १.२ मिलिमीटरचा असतो, तर १२ गेजचा सुमारे २.७ आणि १० गेजचा सुमारे ३.४ मिलिमीटरचा असतो. पहिला पत्रा मोठ्या पहारीने काही क्षणांत वाकतो. शेवटच्या दोहोंना वेळ आणि आवाज दोन्ही लागतात. ‘तिजोरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच वस्तू प्रत्यक्षात यूएल १०३७ या अमेरिकी मानकातल्या निवासी गटात मोडतात. त्याच्या मूळ पातळीचा अर्थ इतकाच की, हातोडा, पहार, स्क्रूड्रायव्हर अशी हाताची अवजारे घेतलेल्या एका माणसाला ती पाच मिनिटे दाद देत नाही. त्याच्या वरचा टीएल-१५ हा दर्जा विजेची अवजारे धरूनही पंधरा मिनिटांच्या प्रत्यक्ष हल्ल्याचा असतो, पण तिथे वजन आणि किंमत दोन्ही झपाट्याने चढतात. युरोपी बनावटीत हलक्या साठवणुकीसाठी ईएन १४४५० आणि खऱ्या तिजोऱ्यांसाठी ईएन ११४३-१ ही मानके पाहावीत. दारावर यांपैकी कोणतेच चिन्ह नसेल, तर ‘अभेद्य’ या शब्दाला काही किंमत देऊ नये.

तरीही माझ्या मते जाडीपेक्षा बसवण्याच्या पद्धतीने अधिक फरक पडतो. मोकळे उभे असलेले कपाट दोघे जण उचलून नेऊ शकतात, किंवा ते पाठीवर आडवे पाडून पहारीवर अंगाचा सगळा भार देऊ शकतात. तेच कपाट कोपऱ्यात ठेवले, आतून जमिनीला आणि भिंतीला जाड बोल्टने जखडले आणि दाराची उघडणारी कड भिंतीकडे ठेवली, तर पहार फिरवायला जागाच मिळत नाही. न जखडलेल्या महागड्या तिजोरीपेक्षा नीट जखडलेले मध्यम कपाट बरे, असे मी ठामपणे म्हणेन. भाड्याच्या घरात जमिनीला भोके पाडता येत नसतील, तर निदान एखाद्या जड कपाटाला किंवा खांबाला ते बांधता येते का, हे आधी पाहावे.

आगीपासूनचे संरक्षण हा तिजोरीचा वेगळा गुण आहे. तिच्या भिंतींत जिप्समचे तक्ते असतात. जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा स्फटिकात बांधलेल्या पाण्याचा असतो, आणि आगीत ते पाणी वाफ होऊन बाहेर पडताना आतले तापमान दाबून धरते. याची दुसरी बाजू विक्रेते क्वचितच सांगतात: आग लागली तर बंदुका जळण्यापासून वाचतात, पण वाफेने भिजतात. आग विझल्यावर त्या लगेच बाहेर काढून पुसल्या नाहीत, तर पुढचे काम गंज करतो.

पटकन उघडणारी लहान पेटी स्वसंरक्षणासाठी पिस्तूल जवळ ठेवणाऱ्यांसाठी असते, आणि तिच्या बाबतीत सगळा प्रश्न कुलपाच्या प्रकाराचा आहे. चावीचे कुलूप साधे आणि टिकाऊ असते, पण चावी लपवावी लागते आणि लपवलेली चावी घरात सर्वांत आधी मुलांना सापडते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, बंदूक कुठे ठेवली आहे हे आपल्या मुलांना ठाऊक नाही, असे सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांचे म्हणणे त्यांच्याच मुलांनी खोटे ठरवले होते. चकतीच्या कुलपाला बॅटरी लागत नाही आणि ते दशकानुदशके चालते, मात्र घाईत आणि अंधारात ते उघडणे अवघड जाते. आकड्यांच्या कळा या दोहोंमधला समतोल साधतात. पण बॅटरी वर्षातून एकदा बदलावी, जन्मतारीख किंवा गाडीचा क्रमांक सांकेतिक आकडा म्हणून वापरू नये, आणि सतत दाबल्या जाणाऱ्या कळांवरचा तेलकट डाग पुसत राहावा, कारण तो डाग आकडे उघड करतो.

बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या पेट्यांबद्दल मी सावध आहे. ओल्या, तेलकट किंवा कापलेल्या बोटाला त्या नकार देतात, हा त्यातला लहान दोष. मोठा दोष असा की, काही पेट्या मालकाचा ठसा नोंदवला जाईपर्यंत कोणाच्याही बोटाने उघडतात, आणि ठसा नोंदवला गेला आहे असा मालकाचा चुकीचा समज होऊ शकतो. याच कारणाने २०२३ साली अमेरिकेत हजारो पेट्या बाजारातून परत मागवाव्या लागल्या. अशी पेटी घेतलीच, तर नोंद केल्यानंतर घरातल्या दुसऱ्या व्यक्तीचे प्रत्येक बोट तिच्यावर टेकवून पाहावे आणि हे सगळे पेटी रिकामी असतानाच करावे.

काडतुसे बंदुकीच्या शेजारी ठेवावीत की वेगळी? २००५ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात चार सवयी तपासल्या होत्या: बंदूक रिकामी ठेवणे, कुलपात ठेवणे, काडतुसे कुलपात ठेवणे आणि ती बंदुकीपासून वेगळी ठेवणे. यांपैकी प्रत्येक सवयीचा मुला-किशोरांच्या अपघाती इजा आणि आत्महत्या कमी असण्याशी संबंध आढळला. म्हणून मुले घरात असतील, किंवा नातवंडे सुटीपुरती येणार असतील, तर काडतुसांसाठी निराळी किल्ली असलेला डबा हा माझ्या लेखी ऐच्छिक पर्याय नाही. काडतुसे मूळ खोक्यातच राहू द्यावीत. बोअरचा आकडा जितका मोठा तितके काडतूस बारीक असते; २० बोअरचे काडतूस चुकून १२ बोअरच्या शॉटगनमध्ये गेले, तर ते चेंबरच्या पुढे सरकून नळीत अडकते. मग मागून १२ बोअरचे काडतूस सहज बसते आणि ते उडवले की नळी फुटते. २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात याच धोक्यामुळे आहे. सुटी काडतुसे एका डब्यात ओतणाऱ्याला हा रंग फारसा वाचवत नाही.

राहिला ओलावा, ज्याला कोणतेच कुलूप अडवत नाही. बंद कपाटातली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. ती ६० च्या वर राहू लागली की पोलादावर गंजाचा वेग वाढतो. यासाठी सिलिका जेल आणि विजेवर चालणारी उबदार दांडी असे दोन मार्ग आहेत. सिलिका जेल हवेतला ओलावा खरोखर शोषून घेते, त्याला तार लागत नाही आणि लहान पेटीत तेच सोयीचे असते. पण ते भरून जाते आणि मग ओव्हनमध्ये मंद आचेवर काही तास सुकवावे लागते. रंग बदलणारे जेल घ्यायचे असेल तर नारिंगी घ्यावे. निळ्यात विषारी कोबाल्ट क्लोराइड असते. उबदार दांडी ओलावा काढून टाकत नाही. ती आतली हवा काही अंशांनी गरम ठेवते आणि त्यामुळे सापेक्ष आर्द्रता उतरते. मोठ्या कपाटाला ती उत्तम, मात्र वीज सतत असली पाहिजे. वीज वरचेवर जाणाऱ्या ठिकाणी मी जेलवरच भिस्त ठेवीन. दोन्ही बाबतींत आत एक स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवावा, नाहीतर उपाय लागू पडतो आहे की नाही हे गंज चढल्यावरच कळते.

चामड्याच्या म्यानात किंवा आतून स्पंज लावलेल्या प्रवासी पेटीत बंदूक महिनोन्महिने ठेवू नये. चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि दोन्हींनी धरून ठेवलेला दमटपणा मिळून पृष्ठभाग खातात. थंड जागेतून उबदार खोलीत आणलेल्या बंदुकीवर दव धरते. ती खोलीच्या तापमानाला येऊन पुसली जाईपर्यंत कुलपात टाकू नये. हात लागला की घाम आणि क्षार मागे राहतात, म्हणून आत ठेवताना तेलाचा हलका हात दिलेले फडके सर्व धातूवरून एकदा फिरवावे. तेल पातळच असावे. लाकडी दस्त्याची रायफल किंवा शॉटगन दीर्घकाळ उभी ठेवायची असेल, तर नळीचे तोंड खाली असू द्यावे. एरवी तेल हळूहळू ओघळून दस्त्यात मुरते आणि लाकूड मऊ पडते.

निवडीचा हिशेब माझ्या मते असा बसतो. एकटा राहणारा, एकच रायफल असलेला आणि घर वारंवार बदलणारा माणूस केबल कुलूप, जखडलेले लहान कपाट आणि जेलची पुडी यांवर नीट भागवू शकतो. मुले असलेल्या घरात पत्र्याच्या जाडीच्या आधी काडतुसांचा वेगळा डबा आणि आकड्यांचे कुलूप यांवर पैसे घालावेत. अनेक बंदुका असणाऱ्याने जाड पत्र्याची, मानकाचे चिन्ह असलेली तिजोरी आणि उबदार दांडी घ्यावी, आणि आजच्या गरजेपेक्षा मोठी घ्यावी. दाटीने उभ्या केलेल्या बंदुका एकमेकींवर घासतात आणि त्यांच्यामध्ये हवाही खेळत नाही.

घरातले कोणी, किंवा मालक स्वतः, गाढ निराशेतून जात असेल तेव्हा ही सारी तुलना अपुरी पडते, कारण आकडे आणि चावी त्याच्याच हाती असतात. अशा काळात स्थानिक कायदा परवानगी देत असेल त्या पद्धतीने बंदूक अधिकृत विक्रेत्याकडे, पोलिसांकडे किंवा परवानाधारक विश्वासू व्यक्तीकडे तात्पुरती ठेवायला द्यावी. ते शक्य नसेल तर सांकेतिक आकडा बदलून घेण्याचे आणि चाव्या सांभाळण्याचे काम दुसऱ्याला करू द्यावे. तिजोरी घेतानाच हा आकडा गरज पडल्यास कोण बदलेल आणि दुसरी चावी कोणाकडे राहील, हे घरात बोलून ठरवून ठेवावे.