लायरटेल की पट्टेरी पंचॅक्स?

ठाण्यातील किंवा नवी मुंबईतील फ्लॅटमध्ये किलीफिश, म्हणजे लहान, रंगीत माशांच्या गटातील मासा, पाळू इच्छिणाऱ्याने रंगाआधी उन्हाळ्याचा विचार करावा. लायरटेल, म्हणजे अफिओसेमिऑन ऑस्ट्राले, हा मासा गॅबॉनच्या किनाऱ्यालगतच्या वर्षावनांत, दाट सावलीतील संथ ओढ्यांत आणि दलदलीत राहतो. त्याला साधारण २१ ते २४ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते, तर आपल्याकडे मे महिन्यात घरातील टाकी सहज ३० अंशांवर जाते. अशा पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाचा चयापचय मात्र वाढतो, त्यामुळे तो लगेच दगावला नाही तरी त्याचे आयुष्य घटते. पाण्यावर पंख्याचा झोत सोडल्यास बाष्पीभवनामुळे तापमान थोडे उतरते. परंतु खाडीकाठच्या दमट हवेत हा उपाय अपुरा पडतो. चिलर (टाकीचे पाणी थंड करणारे यंत्र) किंवा एसी चालवण्याची तयारी नसेल, तर लायरटेलचा नाद सोडलेलाच बरा.

पट्टेरी पंचॅक्स, म्हणजेच अप्लोकायलस लिनिएटस, हा दक्षिण भारत आणि श्रीलंकेतील ओढ्यांचा व भातखाचरांचा रहिवासी असल्यामुळे २८ अंशांचे पाणीही त्याला सोसते. दुकानांत मिळणारा ‘गोल्डन वंडर’ हा याच जातीचा पिवळा प्रकार आहे. ओढ्यातून मासा पकडून आणण्याऐवजी तोच विकत घ्यावा, कारण ठाण्यालगतचे येऊरचे जंगल राष्ट्रीय उद्यानात येते आणि तेथील ओढ्यांतून मासे पकडणे बेकायदा आहे. मात्र हा मासा १० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, म्हणून त्याला साठ लिटरांहून लहान टाकी देऊ नये; शिवाय तोंडात मावेल तो लहान मासा तो गिळतो.

लायरटेल जेमतेम ५ ते ६ सेंटिमीटरचा असल्याने एका जोडीला पंचवीस लिटरही पुरतात. तांबूस अंगावर लाल ठिपके आणि शेपटीची लांब टोके मिरवणाऱ्या नरापुढे पंचॅक्स रंगात फिकाच पडतो, हे मान्य करावे लागते. लायरटेलची मादी मात्र साधी तपकिरी असते. पंचॅक्स कोरड्या खाद्यावर लवकर रुळतो, तर लायरटेलला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातील चिमुकले कोळंबीवर्गीय जीव) किंवा गोठवलेले ब्लडवर्म (चिलटांसारख्या कीटकांच्या लाल अळ्या) लागतात. अशा खाद्यासाठी बाल्कनीत डासांच्या अळ्या वाढवणे पालिकेच्या फवारणी पथकाला मुळीच रुचणार नाही. दोघेही पट्टीचे उड्या मारणारे असल्यामुळे घट्ट झाकण अनिवार्य आहे.

लायरटेलचाच मोह सुटत नसेल, तर नायजेरिया-कॅमेरूनमधील गार्डनेरी किलीफिश शोधावा; तो रंगीत असून लायरटेलपेक्षा काटक मानला जातो, तरी मे महिन्यात त्याच्याही टाकीत थर्मामीटर हवाच.