जुनी नाणी घासायची की तशीच ठेवायची? गिफ्टचं वेगळं, स्वतःच्या डब्याचं वेगळं

माझ्यासमोर आत्ता टेबलावर दोन रुपये ठेवलेत. दोन्ही १९१८ चे, पंचम जॉर्जचे, दोन्ही आजीच्या एकाच बटव्यातले. वाटणीत एक देवघरात गेला आणि दुसरा आईच्या ट्रंकेत साड्यांखाली राहिला. देवघरातला दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी बाहेर निघायचा, रांगोळीनं नाहीतर टूथपेस्टनं खसाखसा घासला जायचा, मग पंचामृत, हळदकुंकू, परत डबीत. चाळीसेक वर्षं तरी चाललं असेल हे. ट्रंकेतल्याला कोणी हातच लावला नाही.

हे बाहेर काढायचं कारण माझी मावसबहीण. तिच्या नणदेच्या मुलाची मुंज आहे, भिक्षावळीत चांदीचा रुपया घालायचाय, आणि घरच्या डब्यातली बाकीची नाणी तिला स्वतःसाठी नीट लावून ठेवायचीत. फोनवर म्हणाली, "सगळी एकदाच चिंचेत टाकून चकाचक करू का गं? काळा रुपया देताना कसंतरी वाटतं." मी म्हटलं थांब, दोन दिवस दे, लिहूनच पाठवते.

तर आधी हे दोन रुपये. लांबून बघितलं तर देवघरातला जिंकतो, पांढरा, चमकणारा, कोणीही म्हणेल वा चांदी. पण खिडकीशी नेऊन जरा तिरपा धरला की त्याच्यावर बारीक बारीक रेघांचं जाळं दिसतं, सगळ्या साधारण एकाच दिशेला, जिकडे आपला अंगठा फिरतो तिकडे. राजाच्या मुकुटातली नक्षी सपाट झालीये, दाढीचे केस गायब, अंगरख्यावर छोटासा हत्ती असतो तो आता नुसता उंचवटा. ट्रंकेतला राखाडी आहे, कडेला निळसर जांभळी झाक, आणि त्याच्यावर हत्तीची सोंडसुद्धा मोजून दाखवता येते. मागच्या बाजूला खाली कमळ असतं, त्या कमळाखाली बारीकसा उठावदार ठिपका असला की नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, नसला की कलकत्त्याचं. ट्रंकेतल्यावर तो ठिपका लगेच सापडला. देवघरातल्यावर भिंग घेऊन दहा मिनिटं शोधला, तिथे हळदकुंकवाचा थर आहे, खाली ठिपका आहे की घासून गेला ते कळत नाही.

माझ्या मते सगळा निर्णय इथेच आहे, मळ वेगळा आणि रंग वेगळा. मळ म्हणजे तेल, हळद, हाताचा घाम, धूळ, तो नाण्याच्या वर बसतो आणि काढला तर नाण्याचं काही जात नाही. काळेपणा मात्र चांदीचाच आहे, हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन वरचा पातळ थर सल्फाइड होतो, म्हणजे तो थर घासून काढला की दरवेळी थोडी चांदीच जाते. आणि जाते ती आधी उंच भागांवरून, मुकुट, गाल, अक्षरांच्या कडा.

आता गिफ्टचं. मुंजीत, बारशात, पहिल्या दिवाळीला आपण जो रुपया देतो तो शकुनाचा असतो. घेणारे त्याला देवात ठेवणार, पुढे तेही घासणार. तिथे १९१८ सारखं साधं साल असेल, जे अजून ढिगानं मिळतं, तर घासलेलं नाणं द्यायला मला काहीच गैर वाटत नाही. उलट मी म्हणेन की घरात आधीच घासलेली जी नाणी आहेत तीच गिफ्टला काढावी आणि न घासलेल्याला गिफ्टसाठी म्हणून नव्यानं हात लावू नये. घासलेल्याला साबणाच्या कोमट पाण्यात ठेवून, कुंकू मऊ झालं की धुवून, टिपून, छोट्या डबीत मखमलीवर ठेवलं की छान दिसतं. सोबत एक चिठ्ठी लिहायची, कुठल्या सालचं, कोणाच्या बटव्यातलं. मुलगा मोठा झाल्यावर ती चिठ्ठीच जपेल बघा.

पण गिफ्ट घेणारा नाणी जमवणारा असेल तर उलटं. त्याला घासलेला रुपया दिला तर तो तोंडावर थँक्यू म्हणेल आणि मनात हळहळेल. पीसीजीएस आणि एनजीसी या नाण्याची अवस्था तपासून ग्रेड म्हणजे दर्जा देणाऱ्या कंपन्या घासलेल्या नाण्याला नेहमीचा ग्रेड न देता क्लीन्ड, म्हणजे घासलेलं, असा शेरा मारतात, आणि तो शेरा काही केल्या पुसत नाही. काळं नाणं पुढे कधीही पांढरं करता येतं, पण घासलेल्याला जुना रंग परत द्यायला अजून पन्नास वर्षं थांबावं लागेल आणि रेघा तरी राहतीलच.

किमतीचंही बोलून घेऊ, कारण तेही तिनं विचारलंच. नागपुरात इतवारीतल्या सराफ्यात नेलं तर ते वजन आणि चांदी बघणार. व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर जुना एक तोळा, त्यात ९१.७ टक्के चांदी, शुद्ध धरली तर साधारण १०.७ ग्रॅम. १९४० ते ४५ च्या रुपयाचं वजन तेवढंच पण चांदी निम्मी. १९४७ चा तर निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो, स्वातंत्र्याच्या सालचा म्हणून कौतुकानं चांदीचा समजून देतात लोक, तेवढं बघून घ्या. तर सराफाकडे काळा आणि पांढरा दोघांना भाव एकच. फरक पडतो तो जमवणाऱ्यांच्या बाजारात, आणि तिथे घासल्यानं भाव खालीच येतो.

म्हणून काहीही करायच्या आधी साल वाचायचं. १९११ चा रुपया असेल तर हातातली चिंच-टूथपेस्ट खाली ठेवून द्या. त्या सालच्या नाण्यावर राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली होती, बरीचशी नाणी परत घेऊन वितळवली आणि पुढच्या वर्षी सोंड नीट काढली. आता सांगा, ज्या नाण्याची सगळी गंमत त्या इवल्याशा हत्तीत, तोच टूथपेस्टनं सपाट केला तर उरलं काय. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा पण असाच, दुर्मिळ, आणि त्याची नकली पण बनतात, जुना रंग शाबूत असला की खरंखोटं ओळखायला मदतच होते.

तांब्याच्या नाण्यांना तर मी चिंच दाखवणारच नाही. शिवराई घ्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळापासूनचा मराठ्यांचा तांब्याचा पैसा. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति, पण ठसा मोठा आणि नाणं लहान त्यामुळे अर्धी अक्षरं नाण्यावर आलेलीच नसतात, जी आलीत ती उथळ. त्यांचे प्रकार ओळखतात ते अक्षराच्या वळणावरून, एखाद्या टिंबावरून. नागपूरकर भोसल्यांच्या नाण्यांवर तर मोगल बादशहाच्या नावाची फारसी अक्षरं, तिथे सगळी ओळख बारीक खुणांवरच. तांब्यावरचा तपकिरी काळा थर हे त्याचं कवच आहे, चिंचेनं लिंबानं तो विरघळतो, खाली गुलाबी कच्चं तांबं उघडं पडतं, दोन दिवस सोन्यासारखं दिसतं आणि महिन्याभरात आधीपेक्षा घाण, डागाळलेलं होतं. लिंबासोबत मीठ वापरलं तर अजूनच वाईट, कारण मिठातला क्लोराईड तांब्यात शिरून बसतो आणि ओलावा मिळाला की फिकट हिरवी भुकटी उगवते. आपल्याकडे मे महिन्याच्या कोरड्या उन्हात काही कळत नाही, जुलै ऑगस्टात डबा उघडला की दिसते. टूथपिकनं खरवडली तर निघते आणि परत येते. अशी नाणी आधी वेगळी काढा, कोरडी ठेवा, सिलिका जेल टाका. जुना गुळगुळीत घट्ट हिरवा थर मात्र वेगळा, त्याला काही करायचं नाही.

पितळी नाणी आंबटात टाकली की त्यातलं जस्त निघून जातं आणि लालसर डाग पडतात. ॲल्युमिनियमचे एक, दोन, तीन पैसे सोड्याच्या पाण्यानं काळे पडतात. त्यांना साधं पाणी बास.

सोड्यावरून आठवलं, फॉइलची ट्रिक. ॲल्युमिनियम फॉइल, खाण्याचा सोडा, गरम पाणी, त्यात चांदी ठेवली की काळेपणा आपोआप जातो. घासण्याच्या तुलनेत ही खूप बरी, कारण इथे सल्फाइडची परत चांदी होते आणि रेघा पडत नाहीत. देवातल्या नाण्यांना दिवाळीला चमकवायचंच असेल तर टूथपेस्ट सोडा आणि हे करा, मी आईला हेच सांगून ठेवलंय. पण संग्रहातल्या नाण्याला हे पण नको, रंग जातो तो जातोच, वर कधी कधी मेलेला, खडूसारखा पांढरेपणा येतो.

मग संग्रहासाठी मी काय करते? डिस्टिल्ड वॉटरमध्ये काचेच्या वाटीत नाणं ठेवते, एक दिवस, कधी दोन, पाणी बदलत. नळाचं पाणी शेवटच्या धुण्याला वापरत नाही, त्यातल्या क्षारांचे डाग राहतात. नंतर जुन्या मऊ सुती कापडावर ठेवून टिपायचं, पुसायचं नाही, घासायचं तर नाहीच, आणि धरायचं फक्त कडेनं. प्लास्टिकच्या अल्बममध्ये वर्षानुवर्षं राहून नाणं चिकट हिरवट झालं असेल तर ते अल्बमच्या पीव्हीसी प्लास्टिकमुळे, ते पाण्यानं निघत नाही, शुद्ध ॲसिटोननं निघतं. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि रंग असतात. ॲसिटोन पटकन पेट घेतं म्हणून गॅस, दिवा जवळ नको, खिडकी उघडी. एवढ्यानं जो मळ निघेल तो निघेल, बाकी राहू द्यायचं. माझ्या पावल्या आणि भोकाचे पैसे अजून काळेच आहेत आणि मला तसेच आवडतात.

ठेवताना रबर बँड लावू नका, रबरात गंधक असतं, बँड जिथे टेकतो तिथेच चांदीवर काळा पट्टा उमटतो.

एक गोष्ट गिफ्टवाल्यांसाठी, कारण आता प्रत्येक घरातलं कोणीतरी बाहेर आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे भाच्याच्या बॅगेत १९१८ चा रुपया घालायचा नाही, घासलेला असो की न घासलेला. त्याला १९६९ चा गांधी शताब्दीचा दहा रुपयांचा द्या, तो पण चांदीचा, १५ ग्रॅमचा. आणि शेतात नांगरताना किंवा पाया खणताना नाणी सापडली तर ती धुवूसुद्धा नका, १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टर ऑफिसला कळवावं लागतं, आणि सोबतच्या मातीवरूनही जाणकारांना बरंच कळतं.

मुंजीसाठी मावसबहिणीला मी माझा देवघरातलाच रुपया देतेय. कुंकू भिजत घातलंय, ठिपका निघाला तर चिठ्ठीत मुंबई लिहीन. ती रविवारी तिचा डबा घेऊन येणार आहे, त्यात चार-पाच शिवराई आहेत म्हणते. तोवर चिंच भिजवू नकोस, एवढंच सांगितलंय.