टाकीएवढाच वाढणारा मासा

लातूरमधील शोभिवंत माशांच्या एका दुकानातून गेल्या दिवाळीत मी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी व १३ मासे विकत घेतले. अशी टाकी काठोकाठ भरली तर साधारण ५६ लिटर पाणी मावते. तळाची वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली, तर प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास राहते. घरात मासे पाळण्याचा पहिलाच प्रसंग असल्यामुळे मी पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला दोन प्रश्न स्पष्टपणे विचारले होते. हे सर्व मासे एकत्र राहतील का, आणि यांतला एखादा पुढे फार मोठा होतो का? पहिल्याला उत्तर मिळाले, ‘बिनधास्त ठेवा.’ दुसऱ्याला मिळाले, ‘साहेब, मासा टाकीएवढाच वाढतो.’ हे वाक्य मला इतके पटले, की मी ते घरी येऊन मोठ्या जाणकारीने सर्वांना ऐकवले.

पिशवीत गप्पीच्या तीन जोड्या, एंजलची एक, टायगर बार्बची एक, ‘शार्क’ची एक आणि काच साफ करील म्हणून एक सकर, असा ऐवज होता. टाकीत पाणी भरून त्याच संध्याकाळी मासे सोडण्यास सांगण्यात आले. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात, हे विक्रेत्याला ठाऊक नसेल असे मला आज वाटत नाही. पहिल्याच आठवड्यात तीन गप्पी गेले. तक्रार घेऊन गेलो तेव्हा त्याने निळ्या औषधाची बाटली दिली आणि सगळे पाणी बदलून फिल्टर नळाखाली चोळून धुण्यास सांगितले. जे थोडेफार जिवाणू जमू लागले असतील तेही त्यामुळे गेले आणि पुढचे मासे मरण्याची सोय झाली. ज्या शहराने २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर दिवस काढले, त्या शहरात मी आठवड्यातून दोनदा ४५ लिटर पाणी मोरीत ओतत होतो, याची मला आजही लाज वाटते.

टायगर बार्बची गोष्ट वेगळी आहे. हा मासा थव्याने राहणारा असून किमान सहा-आठ जण असले तर आपापसांतच पाठलाग करून गुंतून राहतो. दोघेच असले तर सोबतच्या माशांचे पर कुरतडतो, आणि एंजलसारखा लांब पर असलेला संथ मासा तर त्याच्याबरोबर कधीच ठेवू नये. आपल्याकडे मासे जोडीने विकण्याची पद्धत आहे आणि ग्राहकालाही जोडी म्हटले की बरे वाटते. माझ्या एंजलचे पर महिनाभरात झिजलेल्या झाडूसारखे झाले. त्यावरही मला औषधच देण्यात आले, पिवळे.

खरी फसवणूक मात्र शार्कची होती. अडीच इंचांचे ते दोन चंदेरी मासे पाच महिन्यांत सहा इंचांवर गेले, रात्री दिवा लावला की दचकून काचेवर आपटू लागले, आणि उरलेले गप्पी एकेक करून नाहीसे झाले. उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकणारा एक नातलग मे महिन्यात घरी आला, टाकीपुढे क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘काका, हा शार्क नाही, पंगस आहे. बाजारात कापून मिळतो तोच.’ हॉटेलांत बासा म्हणून जो मासा वाढला जातो, तोही बहुतेक वेळा हाच असतो. मूळचा मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांतला हा मासा एक मीटरहून अधिक लांब होऊ शकतो. माझी टाकी ६० सेंटिमीटरची. टाकीएवढाच वाढतो या समजुतीबद्दल त्याने सांगितले, की लहान जागेत वाढ खुंटते ती बहुधा साचलेल्या घाणीमुळे, आणि तो आजार असतो, माशाचा समजूतदारपणा नव्हे. सकरही फुटाच्या पुढे जातो, हेही तेव्हाच कळले. ते तिन्ही मासे मांजरा नदीत सोडून द्यावेत असा माझा विचार होता. त्याने तो ठामपणे मोडून काढला, कारण असेच सोडलेले सकर देशातील अनेक नद्या-तलावांत आता कायमचे ठाण मांडून बसले आहेत.

मी दुकानात पुन्हा गेलो. आपण असे काही बोललोच नव्हतो, असे दुकानदाराने सांगितले, आणि लगेच चार फुटी टाकी ‘तुमच्यासाठी कमी भावात’ देऊ केली. तेव्हा माझ्या लक्षात आले, की माझ्या प्रत्येक तक्रारीतून त्याची एक विक्री होत होती. माशांचे ६५० रुपये धरून औषधे, बदली मासे आणि खाद्य यांवर माझे २,४०० रुपये गेले होते. हातात होती ती ‘मासे १३ नग’ एवढेच लिहिलेली कच्ची चिठ्ठी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पावती न देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही करता येते. परंतु कोणता मासा काय सांगून विकला याचा कागदच नसल्याने माझे म्हणणे माझ्यापाशीच राहिले. पंगसची जोडी एका परिचितांच्या प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात गेली, जेथे हेच मासे पाळले जातात. सकर एका मोठ्या टाकीवाल्याने नेला.

आता टाकीत आमच्या बोअरच्या जड पाण्याला मानवणारे मासेच ठेवायचे आणि पिल्लांचा भरणा नको म्हणून फक्त नर गप्पी व नर प्लॅटी घ्यायचे, असे ठरवून मी महिनाभर टाकी माशांविना चालवली. त्यानंतर खरेदीला निघालो तेव्हा प्रत्येक दुकानात एकच मागणी केली: माशाचे नाव आणि पूर्ण वाढ झाल्यावरची लांबी पावतीवर लिहून द्यावी. पहिल्या दोन दुकानांत ‘मग राहू द्या’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्या दुकानदाराने पेन उचलले, पिशवीकडे पाहिले आणि सोबत घेतलेला छोटा सकर आपणहून परत टाकीत सोडला.