दूध संकलनाच्या लाखभर नोंदी आणि पोस्टग्रेस : वेळेच्या हिशेबातून एक परीक्षण

कोल्हापूर जिल्ह्यातील गावोगावच्या दूध संस्थांचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर आम्ही उद्यमनगरातील कार्यालयात तयार करतो आणि त्यासाठी पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरतो. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक सभासदाच्या दुधाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) संस्थेच्या संगणकावर नोंदले जाते, या नोंदी फाईलच्या रूपाने मुख्य सर्व्हरवर येतात आणि दहा दिवसांचे बिल काढण्याआधी त्या टेबलात बसलेल्या असाव्या लागतात. म्हणून हे परीक्षण एकाच अंगाने केले आहे : एकगठ्ठा नोंदी भरायला पोस्टग्रेसला किती वेळ लागतो आणि तो वेळ नीट मोजता येतो का.

वेगाबाबत तक्रारीला जागा नाही, मात्र नोंदी कशा भरता यावर सगळे अवलंबून आहे. प्रत्येक नोंदीसाठी स्वतंत्र इन्सर्ट (नोंद घालण्याची आज्ञा) पाठवले की प्रत्येक नोंदीमागे एक कमिट (बदल कायम करणे) होतो, आणि कमिट झाला असे सांगण्यापूर्वी पोस्टग्रेस आपला लॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, खरोखरच डिस्कवर उतरवतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कचा एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांचा असतो; म्हणजे एका जोडणीवरून सेकंदाला साधारण १२० कमिट, आणि लाखभर नोंदींना जवळजवळ १४ मिनिटे. एसएसडीवर हा आकडा पुष्कळ खाली येतो, पण सर्व्हर दुसऱ्या शहरात असेल तर प्रत्येक आज्ञेच्या जाण्यायेण्याचा वेळ त्यावर चढतो. सगळ्या नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच कायम होणाऱ्या आज्ञांच्या गटात) घातल्या की कमिटचा खर्च एकदाच पडतो, आणि एका इन्सर्टमध्ये अनेक नोंदी दिल्या की आज्ञांच्या जाण्यायेण्याच्या फेऱ्याही वाचतात. तिथे मात्र एका आज्ञेत ६५,५३५ पॅरामीटरची (सोबत पाठवलेल्या मूल्यांची) मर्यादा आहे. आमच्या नोंदीत नऊ रकाने असल्याने एका वेळी ७,२८१ पेक्षा जास्त नोंदी पाठवता येत नाहीत. कॉपी या आज्ञेला ही अडचण नाही. फाईल सरळ प्रवाहासारखी टेबलात जाते आणि मोठ्या भरण्यासाठी तीच सर्वांत वेगवान वाट आहे.

पोस्टग्रेसची शिफारस करण्याचे माझे खरे कारण मात्र मोजमापाच्या सोयी हे आहे. पोस्टग्रेसला आज्ञा देण्याच्या पीएसक्यूएल या प्रोग्रॅममध्ये टायमिंग चालू केले की प्रत्येक आज्ञेनंतर मिलिसेकंद दिसतात, आणि त्यात नेटवर्कचा वेळही धरलेला असतो. एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ ही आज्ञा इन्सर्ट प्रत्यक्ष चालवून सर्व्हरवर गेलेला वेळ सांगते, आणि दुसऱ्या टेबलाशी असलेल्या दुव्याच्या, म्हणजे फॉरेन कीच्या, तपासणीला किती वेळ गेला ते वेगळ्या ओळीत दाखवते. सभासद क्रमांक यादीत आहे की नाही हे प्रत्येक नोंदीमागे तपासले जाते, याची किंमत आम्हाला तिथेच कळली. या आकड्यात कमिटचा वेळ मात्र येत नाही, त्यामुळे फक्त त्यावर विसंबणाऱ्याला काम प्रत्यक्षापेक्षा लवकर झाल्यासारखे वाटते. ट्रान्झॅक्शन उघडे असताना नाऊ या फंक्शनने आरंभ आणि शेवट टिपणाऱ्याला तर उत्तर शून्यच येते, कारण ते ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ शेवटपर्यंत देत राहते; तिथे त्या क्षणाची वेळ देणारे क्लॉक टाइमस्टँपच वापरले पाहिजे. घड्याळ कमिटनंतर थांबवावे, हे आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आवर्जून सांगतो.

एकाच फाईलला दोन वेळा वेगवेगळा वेळ लागतो, त्याचे कारणही शोधता येते. चेकपॉइंटनंतर (मेमरीतले बदल डिस्कवरच्या टेबलांत उतरवण्याच्या टप्प्यानंतर) डेटाच्या एखाद्या पानात पहिल्यांदा बदल झाला की पोस्टग्रेस ते पूर्ण ८ केबीचे पान लॉगमध्ये लिहितो, त्यामुळे मोठे भरणे चालू असताना चेकपॉइंट आला की वेग घसरतो. जी गाठत आली की चेकपॉइंट येतो ती लॉगची मर्यादा मुळात १ जीबी ठेवलेली असते. मोठ्या फायलींसाठी ती वाढवावी आणि चेकपॉइंटच्या नोंदी सर्व्हरच्या संदेशांच्या (वेगळ्या) लॉगमध्ये पाहाव्यात. याहून महत्त्वाचे म्हणजे चाचणी रिकाम्या टेबलावर घेऊ नये. रिकाम्या टेबलाचा इंडेक्स (नोंदी शोधण्याची सूची) लहान असतो आणि मेमरीत सहज मावतो. वर्षानुवर्षांच्या संकलनाने भरलेल्या टेबलात तीच फाईल वेगळाच आकडा दाखवते, आणि ग्राहकाला द्यायचा आकडा तोच. इंडेक्स काढून टाकून भरणे आणि नंतर पुन्हा बांधणे ही युक्ती जुना इतिहास एकदाच चढवताना उत्तम आहे, पण रोज वापरात असलेल्या टेबलावर ती चालत नाही.

उणिवाही आहेत. कॉपीला एक वाईट ओळ पुरते : फॅटच्या रकान्यात कोणी ६..५ असे टाकले, किंवा देवनागरी अंकांत ६.५ लिहिले, की संपूर्ण भरणे रद्द होते, आणि आधी आत गेलेल्या ओळींची जागा व्हॅक्यूम (निकामी ओळींची साफसफाई) होईपर्यंत अडकून राहते. २०२४ च्या १७ व्या आवृत्तीपासून अशा ओळी वगळून पुढे जाण्याचा पर्याय मिळाला आहे आणि वगळलेली ओळ कितवी व रकाना कोणता हेही पाहता येते, पण ही सवलत अंक-तारखांच्या चुकांपुरतीच आहे. दुबार नोंद आली की काम थांबतेच. काम कुठवर आले हे दाखवणारे दृश्य (व्ह्यू) १४ व्या आवृत्तीपासून आहे. मात्र फाईल आपल्या संगणकावरून पाठवली तर एकूण आकार तिथे शून्य दिसतो, त्यामुळे किती टक्के झाले ते कळत नाही, भरलेल्या नोंदींचा वाढता आकडा मात्र दिसतो.

दुबार नोंदींवर आम्ही काढलेला मार्ग असा आहे. फाईल आधी लॉग नसलेल्या तात्पुरत्या टेबलात कॉपीने ओतायची आणि तिथून एका इन्सर्टने, आधीच असलेल्या नोंदी टाळत, मुख्य टेबलात न्यायची. संस्थेने नेट गेले म्हणून तीच फाईल पुन्हा पाठवली तरी बिलात दूध दोनदा धरले जात नाही. सर्व्हर अचानक बंद पडला तर तात्पुरते टेबल रिकामे होते, पण मूळ फाईल हाताशी असल्याने त्याची काळजी नाही. वेळ मोजताना या दोन्ही टप्प्यांची बेरीज धरावी. एफसिंक (डिस्कवर खरोखर लिहिले जाण्याची सक्ती) बंद करून मिळणारा वेग मात्र आम्ही कोणत्याही सर्व्हरवर घेत नाही. वीज गेली तर संपूर्ण डेटाबेस बिघडू शकतो, आणि त्या नोंदींवर शेतकऱ्याच्या दुधाचे पैसे ठरतात. अगदीच घाई असेल तर एखाद्या भरण्यापुरते सिंक्रोनस कमिट (लॉग डिस्कवर उतरेपर्यंत कमिटने थांबणे) बंद करता येते. त्यात शेवटचे काही कमिट हरवू शकतात, पण डेटाबेस शाबूत राहतो आणि फाईल पुन्हा चढवता येते.