कुंपणाची रोपे उत्तम, लागवड मात्र आपली आपण करावी

सासवडजवळच्या आमच्या छोट्या बागेला जिवंत कुंपण करायचे ठरल्यावर आम्ही पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या अलीकडे असलेल्या एका मोठ्या नर्सरीत गेलो. पुढे तक्रारही लिहायची असल्यामुळे नर्सरीचे नाव मुद्दाम देत नाही. त्या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना इतक्या नर्सऱ्या आहेत की, रोपे कशी पारखावीत आणि लागवडीचे काम कोणावर सोपवू नये, एवढे कळले तरी वाचकांना पुरे.

गल्ल्यावरच्या गृहस्थांनी आमची मोजमापे न विचारताच पिवळ्या दुरंट्याकडे बोट दाखवले. दुरंटा झपाट्याने वाढतो, स्वस्त पडतो आणि लावल्याबरोबर रंग दिसतो, हे खरेच. पण पावसाळ्यात दर तीन-चार आठवड्यांनी कात्री चालवली नाही तर तो झिपऱ्यासारखा पसरतो, आणि छाटणी राहून गेली की त्याला जी नारिंगी फळे धरतात ती विषारी असतात. घरात चार वर्षांचा नातू असल्यामुळे आम्ही त्याला नकार दिला. शिवाय शहरातल्या प्रत्येक दुभाजकावर जे दिसते तेच गावी येऊनही पाहायचे, हे मनाला पटत नव्हते. त्यानंतर कामिनी पुढे आली. ती सुगंधी, दाट आणि खरोखर देखणी असते. परंतु लिंबूवर्गीय झाडांवर ग्रीनिंग हा रोग पसरवणारी सायला ही कीड कामिनीवरही पोसली जाते, आणि आमच्याकडे लिंबाची दोन फळती झाडे आहेत. ही गोष्ट विक्रेत्याने सांगायला हवी होती. ती आम्हाला आधीपासून ठाऊक होती म्हणून निभावले.

शेवटी रस्त्याकडच्या ७२ फुटांसाठी मेंदी आणि मागे ओढ्याकडच्या ६० फुटांसाठी करवंद घ्यायचे ठरले. सासवडचा भाग पर्जन्यछायेतला, जमीन मुरमाड, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी एकदा मूळ धरल्यावर फारसे पाणी न मागणारी मेंदी हीच शहाणपणाची निवड होती. ओढ्याच्या बाजूने शेळ्या येतात, म्हणून तिथे काटा हवा होता. शेळी तोंड लावत नाही म्हणून अडुळशाचाही विचार केला होता, पण करवंदाने काटा आणि फळ दोन्ही मिळतात. आम्हाला मिळाले ते मात्र घाटात ‘डोंगरची काळी मैना’ म्हणून विकले जाणारे करवंद नसून मोठ्या, लालसर फळाचे निघाले. बेकरीतल्या केकवर चेरी म्हणून जे बसते ते पुष्कळदा याच फळापासून पाकात मुरवून केलेले असते. कुंपण म्हणून त्यात काही उणे नाही, पण मागितले एक आणि दिले दुसरे, हे नोंदवले पाहिजे.

रोपांच्या दर्जाबद्दल मात्र नर्सरीची स्तुतीच करावी लागेल, आणि त्याचे श्रेय तिथे पिशव्या भरणाऱ्या एका मावशींना आहे. आम्ही तीन फूट उंचीची मेंदीची रोपे निवडत होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, “दादा, उंच नका घेऊ. बुडात फुटलेलं घ्या, उंच काय नंतर कापायचंच हाय.” त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. कुंपणाला उंची आपोआप येते, पण बुंध्याशी फांद्या नसल्या तर खालून कुत्री-कोंबड्या जात राहतात आणि ते उघडेपण पुढे कितीही छाटले तरी भरून येत नाही. त्यांनी फूट-सव्वा फुटाची, जमिनीलगत तीन-चार फांद्या फुटलेली रोपे वेचून दिली. मेंदीचे रोप १२ रुपयांना आणि करवंदाचे ३० रुपयांना पडले. मेंदी एका ओळीत ९ इंचांवर, दोन ओळींत फूटभर अंतर ठेवून आणि रोपे एकमेकांच्या फटीत येतील अशा नागमोडीने लावायची असल्याने १९२ लागत होती, ती २०० घेतली; करवंद अडीच फुटांवर २५ पुरले. मोजणी चोख होती आणि टेम्पोत रोपे उभी, नीट रचून दिली होती.

तक्रार आहे ती लागवडीच्या सेवेबद्दल. तीन हजार रुपयांत चर खणणे, खत घालणे आणि रोपे लावणे असे ठरले होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात चार माणसे आली आणि आम्ही पुण्यात असताना अर्ध्या दिवसात काम उरकून गेली. दीड फूट खोल चर ठरला असताना मुरूम लागताच त्यांनी जेमतेम ९ इंचांवर हात थांबवला होता. सप्टेंबरपर्यंत मेंदीची ३४ रोपे वाळली. त्यांपैकी एक उपटले तर काळी पिशवीच हातात आली: तळ तेवढा विळ्याने कापलेला, बाजू जशाच्या तशा, आत लाल मातीचा विटेसारखा टणक गोळा आणि त्याभोवती सुतळीच्या गुंड्यासारखी गरगर फिरलेली मुळे. पावसाचे पाणी त्या गोळ्यात मुरतच नव्हते, बाजूने निघून जात होते. काही रोपे इतकी खोल पुरली होती की बुंध्याला चार बोटे माती चढून साल कुजली होती.

तक्रार केल्यावर नर्सरीने हुज्जत न घालता २० रोपे विनामूल्य आणि बाकीची निम्म्या दरात दिली. मजुरीचा विषय मात्र त्यांनी हसून टाळला. ही दुसरी लागवड आम्ही स्वतः केली. रोपे आठ दिवस शेडनेटबाहेर उन्हात ठेवून काटक केली, आदल्या संध्याकाळी पाणी देऊन गोळा ओला केला, पिशवी ब्लेडने उभी चिरून पूर्ण काढली, गुंतलेली मुळे बोटांनी मोकळी केली आणि पिशवीत माती जिथवर होती तिथवरच रोप पुरले. खड्ड्यात पूर्ण कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घातली, कारण कच्च्या शेणखताबरोबर हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, येते. या ३४ पैकी एकच रोप गेले.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी, मावशींच्या सांगण्यावरून, सगळी मेंदी जमिनीपासून वीतभर ठेवून कापली. कापताना जिवावर आले, घरातूनही बोलणी खाल्ली, पण महिन्याभरात प्रत्येक खुंटातून पाच-सहा फुटवे आले. आता छाटताना माथा अरुंद आणि पाया रुंद ठेवतो, म्हणजे खालच्या फांद्यांनाही ऊन लागते. मेंदी सध्या कमरेएवढी आहे आणि पलीकडचा रस्ता बराचसा झाकला गेला आहे. करवंद अजून गुडघ्याच्या वर गेलेले नाही. त्यामुळे ओढ्याकडची काटेरी तार आणखी दोन पावसाळे तरी काढता येणार नाही.